बसमध्ये व्हीलचेअर सरकते, फिरते, कलंडते: कुठे बिघडतं आणि काय करावं

गेल्या पावसाळ्यात एका चौकात बस उजवीकडे वळली आणि माझी व्हीलचेअर जागच्या जागी फिरली. दोन्ही ब्रेक ओढलेले होते, कमरेला बसमधला पट्टा होता, एका हाताने मी खिडकीजवळचा दांडा धरला होता. तरी पुढची दोन छोटी चाकं मधल्या वाटेत गेली आणि माझे गुडघे समोर उभ्या असलेल्या काकूंच्या पायांवर आपटले. मला कमरेखाली संवेदना नाही. उजवा गुडघा सोलवटलाय हे संध्याकाळी घरी आईने पाहिलं तेव्हा कळलं.

ही पहिली वेळ नव्हती. आठवड्यातले पाच दिवस मी लो-फ्लोअर इलेक्ट्रिक बसने ऑफिसला जाते आणि महिन्यातून तीन-चारदा असं काही ना काही व्हायचंच. कंडक्टर म्हणायचे, "ताई, पट्टा लावलाय की, मग?" डेपोत विचारलं तर, "खुर्चीचे ब्रेक बघून घ्या." खुर्ची दुरुस्त करणारे दादा म्हणायचे, "ब्रेक ठीक आहेत, ड्रायव्हरच जोरात वळवतात." प्रत्येकाच्या बोलण्यात थोडं तथ्य होतं, पण त्याने माझी खुर्ची थांबत नव्हती. शेवटी हा प्रश्न मीच धसाला लावायचं ठरवलं. सहा महिने रोज उतरल्यावर फोनमध्ये दोन ओळी टिपल्या: खुर्ची कुठल्या दिशेला हलली, तेव्हा बस काय करत होती, माझं तोंड कुठे होतं. त्यातून जे हाती लागलं ते लिहिते आहे. माझी खुर्ची साधी, हाताने चालवायची, घडीची आहे. इलेक्ट्रिक खुर्चीचं थोडं वेगळं असतं, ते पुढे येईल.

आधी एक घोळ दूर करते, कारण माझे पहिले दोन महिने त्यातच गेले. खुर्चीचे ब्रेक असतात ते तुम्ही खुर्चीवर चढता-उतरताना ती हलू नये म्हणून. चालत्या बसचे हिसके पेलण्यासाठी ते केलेलेच नसतात. कमरेचा पट्टा माणसाला धरतो. आणि खुर्चीला धरायला तिसरंच काहीतरी लागतं: मागे टेकायला बसची पक्की पाठ, किंवा खुर्चीच्या सांगाड्याला लावलेले पट्टे. एका साधनाने दुसऱ्याचं काम करायला गेलं की अपघात होतो. माझ्या बसमध्ये नेमकं तेच चाललं होतं. मला बांधलं होतं, खुर्ची मोकळी होती.

खुर्ची कुठल्या दिशेला जाते ते आधी पाहा

बिघाड शोधायचा हाच सरळ मार्ग आहे. ब्रेक लागल्यावर पुढे गेली, बस सुटताना मागे कलली, वळणावर फिरली, की खुर्ची जागेवर राहून तुम्हीच घसरलात? चारही गोष्टींची कारणं निराळी आहेत.

आधी तुमच्या बसमधली जागा नीट बघा. माझ्या बसमध्ये ती मधल्या दरवाजाच्या समोर, उजव्या बाजूला आहे. खिडकीच्या खाली पट्टा, आणि ड्रायव्हरच्या बाजूला एक उभी, गादी लावलेली पाठ. ही पाठ मी कित्येक महिने नुसतं आडोशाचं फळकूट समजत होते. कंडक्टर मला पुढे तोंड करून बसवायचे आणि ती फळी माझ्या पायांसमोर यायची. खरं तर ती पाठ आपण तिला टेकून, बसच्या मागच्या बाजूला तोंड करून बसावं म्हणून दिलेली असते.

उलटं तोंड करून बसायला कुणाला आवडत नाही. मलाही सुरुवातीला मळमळायचं, आणि अख्ख्या बसचे चेहरे आपल्याकडे बघत असतात. पण यामागचं कारण पक्कं आहे. शहरातल्या बसमध्ये सगळ्यात जोराचा हिसका येतो तो ब्रेक लागताना. माझी खुर्ची १६ किलोची, मी ५८ किलोची, मिळून ७४ किलो. कुणी आडवं आलं म्हणून ड्रायव्हरने जोरात ब्रेक मारला आणि गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याने वेग तुटला, तर ७४ किलोचा हा गठ्ठा ३७ किलोच्या जोराने पुढे ओढला जातो. तोंड पुढे असेल तर हा सगळा जोर ब्रेकच्या दोन छोट्या पात्यांवर आणि माझ्या हातावर येतो. पाठ पुढे असेल तर तोच जोर मला बसच्या पाठीवर दाबतो. माझी पाठ, खुर्चीची पाठ, बसची पाठ, एकावर एक. कुणाला काही धरावं लागत नाही.

लंडनच्या बसमध्ये व्हीलचेअर अशीच बसते, उलटी, पाठीला टेकून, पट्ट्यांशिवाय. अमेरिकेत बहुतेक बसमध्ये खुर्ची पुढे तोंड करून चार पट्ट्यांनी जमिनीला बांधतात आणि माणसाला वेगळा पट्टा लावतात. दोन्ही पद्धती विचार करून बनवलेल्या आहेत. बिघडतं ते दोन्हींची सरमिसळ झाली की, म्हणजे पुढे तोंड, मागे काही नाही, आणि एकच पट्टा पोटावर. आपल्याकडच्या बसमध्ये मला हेच सर्वात जास्त वेळा दिसलं.

तिसरी एक तऱ्हा आहे, खिडकीला पाठ लावून आडवं बसवण्याची. गर्दी असली की कंडक्टर म्हणतात, "ताई, आडव्या घ्या, माणसं जाऊ द्या." असं कधीही बसू नका. ब्रेक लागला की खुर्चीला धक्का कुशीतून बसतो, आणि कुशीच्या बाजूने व्हीलचेअर सर्वात कमकुवत असते. ती सरकत नाही, सरळ कलंडते. माझ्या नोंदींमध्ये आडवं बसलेले फक्त चार दिवस आहेत. त्यातल्या दोन दिवशी एका बाजूचं चाक जमिनीवरून उचललं गेलं होतं.

वळणावर खुर्ची फिरते

हा माझा मूळ प्रश्न, आणि यानेच मला सर्वात जास्त छळलं. उलटं बसायला लागल्यावर ब्रेकची भीती गेली, पण वळणावर खुर्ची फिरायची ती फिरायचीच.

नोंदी चाळताना एक गोष्ट ध्यानात आली. डावीकडच्या वळणावर काही होत नव्हतं. फिरायची ती उजवीकडच्या वळणावर आणि गोल सर्कलला. कारण सोपं आहे. जागा बसच्या उजव्या बाजूला. बस डावीकडे वळली की सगळं उजवीकडे, म्हणजे खिडकीकडे फेकलं जातं, आणि तिथे भिंत आहे. बस उजवीकडे वळली की सगळं डावीकडे फेकलं जातं, आणि तिथे मधली वाट मोकळी. आपल्याकडे सर्कलला वळसा घालायचा तर बस सतत उजवीकडेच वळत राहते, त्यामुळे तिथे हा धक्का लांबतो. सिग्नल पडायच्या आत उजवीकडे निघायची घाई असली तर विचारूच नका.

पण धक्का बसला तरी ब्रेक लावलेली खुर्ची फिरावी का? नुसती बाजूला घसरली असती तर समजू शकले असते. फिरण्याचं कारण एका रविवारी घरातच सापडलं. फरशीवर दोन्ही ब्रेक लावून मी भावाला म्हटलं, "मागून सरळ ढकल." खुर्ची सरळ पुढे गेलीच नाही. डावं चाक हळूहळू फिरत पुढे आलं, उजवं जागेवर राहिलं, आणि मी उजवीकडे वळले. डाव्या टायरमध्ये हवा कमी होती. फार नाही, अंगठ्याने दाबलं तर थोडंसं दबत होतं इतकंच. पण हाताच्या खुर्चीचा ब्रेक म्हणजे टायरवर दाबून बसणारं एक पातं. टायर मऊ झाला की त्या पात्याला दाबायला काही उरत नाही. ब्रेक ओढताना मात्र 'खट्' आवाज होतो, दांडी जागेवर बसते आणि आपण निर्धास्त होतो.

दोन्ही टायर सारखे मऊ असते तर खुर्ची सरळ घसरली असती. एकच मऊ असला की घट्ट चाक खुंटीसारखं रुतून राहतं आणि खुर्ची त्याच्याभोवती फिरते. त्यात पुढची छोटी चाकं कुठेही वळायला मोकळी, त्यांना ब्रेक नसतोच.

ही चाचणी तुम्हीही करा, दर आठवड्याला. ब्रेक लावून मागून सरळ ढकलायला सांगा. ज्या बाजूचं चाक पुढे येईल त्या बाजूचा ब्रेक किंवा टायर सैल. टायरच्या कडेला हवेचा आकडा छापलेला असतो तेवढी हवा ठेवा. सायकलच्या दुकानात भरून मिळते, पण तिथे अंदाजाने भरतात, म्हणून मी मीटरवाला छोटा हातपंप घेतला. हवा बरोबर असूनही चाक फिरत असेल तर ब्रेकचा क्लॅम्प सांगाड्यावर मागेपुढे सरकला असेल. त्याचा नट ढिला करायचा, पातं टायरच्या जवळ आणायचं, पुन्हा आवळायचं. ब्रेक ओढल्यावर पातं टायरमध्ये तीन-चार मिलिमीटर रुतलं पाहिजे. भरीव टायर असतील तर हवेची कटकट नाही, पण ते गुळगुळीत झाले की ब्रेक धरत नाहीत. तेव्हा टायर बदलण्यावाचून इलाज नाही.

पावसाळ्याचं आणखी एक. छत्र्यांचं पाणी बसच्या फ्लोअरवर साचतं, आणि उत्तम ब्रेक असूनही चाकं न फिरता नुसती घसरतात. मी मांडीवरच्या पिशवीत एक जुना पंचा ठेवते. जागेवर आल्यावर कंडक्टर दादांना किंवा शेजारच्या कुणाला तरी सांगते, "चाकाखालचं जरा पुसून देता का?" आजवर कुणी नाही म्हटलेलं नाही.

आता पट्ट्याकडे येऊ. भिंतीवरून येणारा एकच पट्टा असेल आणि तुम्ही उलटं बसला असाल, तर तो पोटावरून फिरवून आर्मरेस्टच्या वरून अडकवतात. मग तो तुमच्यापासून दहा-बारा सेंटिमीटर लांब लोंबकळत राहतो. पट्टा आर्मरेस्टच्या आतून, खालून घ्या आणि मांड्या जिथे सुरू होतात तिथे ओटीपोटाच्या खाली हाडावर बसवा. बसमध्ये वाटेच्या बाजूला उघडमीट होणारा आडवा दांडा असेल तर तो खाली पाडायलाच लावा. वळणावर खुर्ची वाटेत जाऊ नये एवढ्यासाठीच तो असतो. माझ्या मार्गावरच्या काही बसमध्ये तो वरच बांधून ठेवलेला असायचा, लोकांना लागतो म्हणून.

पाठीला टेकूनही खुर्ची डुगडुगते

बॅग! याचं उत्तर मिळायला मला चार महिने लागले. खुर्चीच्या मागच्या मुठींना माझी ऑफिसची बॅग लटकवलेली असायची, लॅपटॉप आणि डब्यासकट. मी टेकले आहे असं मला वाटायचं, पण टेकलेली असायची ती बॅग. बसची पाठ आणि खुर्ची यांच्यात वीतभर मऊ गादी तयार झालेली. ब्रेक लागला की खुर्ची आधी तेवढी मागे जायची आणि मग आपटायची. बॅग काढून मांडीवर घेतली, त्याच दिवसापासून हिसका थांबला. बसची पाठ मुद्दाम अरुंद केलेली असते, दोन मुठींच्या मधे जाईल इतकी. मुठी तिच्या दोन्ही बाजूंना जाऊ द्या आणि खुर्ची अगदी चिकटेपर्यंत मागे घ्या. मग ब्रेक लावा. आधी ब्रेक लावून मग कुणी ढकललं तर फट राहते.

बस सुटताना मागे कलंडण्याची तक्रार मुख्यतः पुढे तोंड करून बसणाऱ्यांची असते. इलेक्ट्रिक बस डिझेलच्या बसपेक्षा झटकन उचलते, आणि पुलाच्या चढावर सिग्नल लागला असेल तर आणखीच. मागे लटकवलेली बॅग इथेही घात करते. हलक्या, चपळ खुर्च्यांचा मागचा आस थोडा पुढे घेतलेला असतो, त्या तर लगेच मागे जातात. मागे लावायची छोटी आधारचाकं मिळतात. ती फक्त रॅम्प चढताना वर करा आणि जागेवर आल्यावर आठवणीने खाली पाडा.

जमिनीला चार पट्टे असतील तर

काही बसमध्ये जमिनीत खाचा किंवा रूळ असतात आणि चार पट्टे पिशवीत किंवा सीटखाली ठेवलेले असतात. इथे चूक होते ती हूक कुठे अडकवायचा यात. कंडक्टर दादांना खाली वाकून जे पहिलं हाताला लागेल तिथे ते हूक घालतात: फुटरेस्टला, आर्मरेस्टला, चाकाच्या आऱ्यांना. फुटरेस्ट आणि आर्मरेस्ट निघतात, काढण्यासाठीच बनवलेले असतात. चाक फिरतं. घडीच्या खुर्चीतल्या सीटखालच्या कात्रीच्या नळ्याही टाळा, ताण आला की त्या हलतात. हूक मुख्य सांगाड्याला, शक्यतो जिथे दोन नळ्या वेल्ड केल्या आहेत तिथे, सीटच्या थोडं खाली. बसमध्ये वापरण्यासाठी तपासलेल्या खुर्च्यांवर या चार जागी हुकाचं छोटं चित्र असतं. आपल्याकडच्या बहुतेक खुर्च्यांवर ते नसतं, म्हणून मी माझ्या खुर्चीवर चारही जागी लाल चिकटपट्टी गुंडाळली आहे. आता सांगावं लागतं ते एवढंच: "दादा, लाल दिसेल तिथे हूक." माझ्या सगळ्या खटपटीत सर्वात स्वस्त आणि सर्वात उपयोगी ठरलेली गोष्ट हीच.

मागचे दोन पट्टे सर्वात महत्त्वाचे, कारण तोंड पुढे असताना ब्रेकचा सगळा जोर ते घेतात. ते जमिनीपासून साधारण ३० ते ४५ अंशांच्या तिरकेपणाने यावेत, पुढचे थोडे अधिक उभे, ४० ते ६० अंश. अंश मोजत बसायची गरज नाही. पट्टा अगदी उभा किंवा अगदी आडवा दिसत असेल तर चुकलं समजा. पट्ट्याला पीळ नको, आणि तो चाकातून किंवा धारदार कडेवरून जायला नको.

चारही लावून आवळले की खुर्चीचे ब्रेक सोडा आणि कुणाला तरी खुर्ची हलवून पाहायला सांगा. ही खरी परीक्षा, कारण ब्रेक लावलेले असले की पट्टे ढिले आहेत हे कळतच नाही. अमेरिकेच्या नियमात बस नेहमीसारखी चालत असताना खुर्ची कुठल्याही दिशेला दोन इंचांपेक्षा जास्त हलता कामा नये असं आहे. मी तेच माप धरते. परीक्षा झाली की ब्रेक पुन्हा लावा.

चार पट्टे लागले तरी माणसाचा पट्टा वेगळा हवा. खुर्चीला शिवलेला वेल्क्रोचा पट्टा फक्त नीट बसून राहण्यासाठी असतो, हिसका बसला की तो उघडतो. खांद्यावरचा पट्टा असेल तर तो खांद्यावरच राहायला हवा, गळ्यावर येत असेल तर लावू नका. मानेवर ताबा कमी असलेल्या माणसाला गळ्यावर आलेला पट्टा फारच धोक्याचा आहे.

शाळेची व्हॅन, टेम्पो ट्रॅव्हलर, रुग्णवाहिका यांना उलटं बसण्याचं गणित लागू नाही. मोठी शहरी बस जड आणि संथ असते. छोट्या गाडीला धडक बसली तर हिसका कित्येक पट मोठा येतो. तिथे चार पट्टे आणि माणसाचा पट्टा दोन्ही हवेतच, आणि जमत असेल तर खुर्ची सोडून गाडीच्या सीटवर बसणं सर्वात सुरक्षित.

खुर्ची जागेवर, आपण मात्र घसरतो

कारण बहुधा गादी. रेक्झिनच्या सीटवर रेक्झिनचीच गादी असेल तर ब्रेकला ती माणसासकट पुढे निघते. गादीखाली वेल्क्रोच्या दोन पट्ट्या शिवून घ्या, आणि पाय फुटरेस्टवर पक्के टेकतील अशी उंची ठेवा. पाय लोंबत असतील तर अंग पुढे ओढलं जातं. ज्यांना कमरेखाली संवेदना नाही त्यांनी पोटऱ्यांच्या मागे आडवा पट्टा जरूर लावावा. माझा पाय एकदा फुटरेस्टवरून मागे घसरून छोट्या चाकात अडकला होता आणि मला पुढचे तीन थांबे ते कळलं नव्हतं.

इलेक्ट्रिक खुर्ची असेल तर

माझ्या मैत्रिणीची खुर्ची ९० किलोची आहे, ती स्वतः ७० किलोची. त्याच हिसक्याला तिच्याकडे ८० किलोचा जोर तयार होतो, तेव्हा हाताने धरून ठेवायचा प्रश्नच येत नाही. तिला पाठ किंवा पट्टे हवेतच. तिच्याकडून शिकलेल्या दोन गोष्टी. जागेवर आल्यावर खुर्चीचा स्विच बंद करा. जॉयस्टिक सोडली की मोटारचे ब्रेक चाकांना धरतातच, पण स्विच बंद असला की गर्दीत कुणाची पिशवी जॉयस्टिकला लागून खुर्ची चालू पडायचा धोका टळतो. आणि रॅम्पवर मदतीला आलेल्यांनी ढकलता यावी म्हणून मोटार सुटी करायचा खटका पाडला असेल, तर आत आल्यावर तो परत लावा. हा खटका सुटा राहिला की स्विच बंद असो वा चालू, खुर्चीला ब्रेकच उरत नाही.

पट्टाच नाही, किंवा आहे पण लागत नाही

हे रोजचं दुखणं. पट्टा सीटच्या मागे दाबला गेलेला, गाठ मारून दांड्याला बांधलेला, बकलमध्ये धूळ आणि तिकिटांचे तुकडे बसलेले. बकल अडकलं असेल तर लाल बटण दाबून धरून ते उलटं करून मांडीवर चार वेळा आपटा, बऱ्याचदा सुटतं. तेल अजिबात घालू नका, त्यावर धूळ आणखी बसते. आत सरकणारा पट्टा हिसका दिला की अडकतो. तो पूर्ण मागे जाऊ द्या, मग सावकाश, सलग ओढा.

पट्टा नसेलच, तर उलटं बसून पाठीला टेकणं हाच उत्तम उपाय. मी सोबत एक दोन मीटरचा, दाबून उघडायच्या बकलचा सामान बांधायचा पट्टा ठेवते आणि वाटेकडे फिरू नये म्हणून सांगाडा भिंतीकडच्या दांड्याला अडकवते. हा तात्पुरता आधार आहे. अपघातात तो टिकेल असं मी समजत नाही, तुम्हीही समजू नका. पण स्कूटरवर सामान बांधायची ताणली जाणारी दोरी वापरू नका, ती धरत नाही, उलट खुर्चीला झोका देते. नायलॉनच्या दोरीची गाठही नको. बसमध्ये धूर झाला तर एका झटक्यात सुटायला हवं.

यानंतर तक्रार, आणि ती नेमकी. "सुविधा नाहीत" असं लिहिलं की ठरावीक उत्तर येतं. मी बसचा नंबर, मार्ग, तारीख, वेळ आणि एकच ओळ लिहिते: "व्हीलचेअरच्या जागेवरचा पट्टा आहे, बकलचा मादी भाग तुटला आहे." डेपोतल्या फोरमनना काय हातात घेऊन जायचं ते कळतं. सोबत एक फोटो. गाठ मारलेला पट्टा, तुटलेलं बकल आणि गायब पट्टा या तीन वेगळ्या दुरुस्त्या आहेत, एकाच शब्दात गुंडाळू नका.

आपला आधार काय, तेही ठाऊक असू द्या. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम ४१ वाहतुकीच्या सुगमतेबद्दल आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांमध्ये डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि १ मार्च २०२० पासून ती लागू झाली. त्यात बसमध्ये व्हीलचेअर आत घेणं, तिला जागा देणं आणि ती अडकवून ठेवण्याची सोय यांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि बसची फिटनेस तपासणी होते तेव्हा हे पाहायचं आहे. म्हणजे तुटलेलं बकल हा मेहरबानीचा विषय उरत नाही, तो तुटलेल्या वायपरसारखा बसमधला दोष आहे. तक्रारीत मी हे एका वाक्यात लिहिते आणि थांबते.

कंडक्टर-ड्रायव्हरांशी मात्र कायद्याच्या भाषेत बोलून काम होत नाही, निदान माझं तरी झालं नाही. त्यांच्यामागे वेळापत्रकाचा धाक असतो आणि हे पट्टे कसे लावायचे ते त्यांना बहुधा कुणी दाखवलेलंच नसतं. मी चढण्याआधी दारातूनच तीन गोष्टी सांगते: "दादा, मला मागे तोंड करून बसायचंय. पट्टा माझ्या हातात द्या, मी लावते. मी 'चला' म्हटल्यावर डबल बेल द्या." हे चढताना सांगायचं, बस हलल्यावर नाही. घड्याळ लावून पाहिलं, सगळं नीट असेल तर चाळीस सेकंद लागतात. माझ्या सकाळच्या बसवरचे एक कंडक्टर आता मला बघितलं की आधी जागेवर उभ्या असलेल्या लोकांना सरकवतात, फ्लोअर पुसतात आणि मग रॅम्प टाकतात. त्यांच्या पाळीत गेल्या दोन महिन्यांत माझ्या फोनमध्ये "हलली" अशी एकही नोंद नाही.

उतरताना

इथे घाई झाली की सगळी मेहनत वाया जाते. आपला थांबा आला म्हणून लोक बस चालू असतानाच आपल्याला 'मदत' म्हणून पट्टा सोडतात. बस थांबण्याआधीचा शेवटचा ब्रेक हाच अनेकदा सर्वात कडक असतो. बस पूर्ण थांबू द्या, दार उघडू द्या, रॅम्प खाली पडल्याचा आवाज ऐका, मग पट्टा, आणि खुर्चीचे ब्रेक सर्वात शेवटी. रॅम्प फुटपाथऐवजी रस्त्यावर टाकला असेल तर उतार फार तीव्र होतो. बसचं फ्लोअर जमिनीपासून साधारण ४० सेंटिमीटर, ती थोडी झुकली तरी ३४, आणि रॅम्प धरा एक मीटरचा. म्हणजे तीन फूट जाईपर्यंत एक फूट खाली. अशा उतारावर समोर तोंड करून कधीही उतरू नका. खुर्ची फिरवून पाठ रस्त्याकडे करा, एक माणूस खाली मागे उभा राहून मुठी धरेल, आणि तुम्ही दोन्ही हातांनी चाकं थोडी थोडी सोडत मागे या.